कात्रीचं एक पातं

2019 च्या जूनमध्ये दहा चिनी बोटी दाभोळला आल्या, तेव्हा आम्ही टीव्हीसमोर मुठी आवळून बसलो होतो. ड्रॅगन आला, कोकण गेलं, आता पापलेटसुद्धा काड्यांनी खायचं. मागाहून कळलं की ‘वायू’ वादळातून जीव वाचवायला त्या तटरक्षक दलाला विचारून आसऱ्याला आल्या होत्या. विचारून! परक्या बोटीनं विचारून यावं, हा आमच्या किनाऱ्याला मोठाच धक्का होता.

तसा परक्यांचा आम्हाला फार राग. इतका, की 1991 मध्ये खोल समुद्रातली मासळी काढायला परदेशी बोटींना भागीदारीचं आवतण आम्हीच धाडलं. मच्छीमार खवळले, मग मुरारी समिती बसली. 1996 मध्ये समितीनं सांगितलं, हे परवाने रद्द करा. सरकारनं मान डोलावली आणि 2002 मध्ये ‘लेटर ऑफ परमिट’ नावाचं नवं पत्र काढलं. बोट परदेशी बांधणीची, कागदावरचा मालक मात्र अस्सल देशी. लग्नात मामा भाड्यानं उभा करावा, तसं. हे पत्र फाडायला 2017 उजाडलं.

आइसलँडवाल्यांना असलं काही सुचलं नाही. माणसं सव्वादोन लाखांच्या आतबाहेर, आरमाराचा पत्ता नाही, आणि पोटापाण्याला कॉड मासा. त्यांनी आपली हद्द 1952 मध्ये 4 मैल केली, 1958 मध्ये 12, 1972 मध्ये 50. ब्रिटिश ट्रॉलर येतच राहिले. 5 सप्टेंबर 1972 ला ‘एगिर’ या आइसलँडच्या गस्तीनौकेला एक ट्रॉलर दिसला. नाव-नंबर रंगानं झाकलेले. (आमच्याकडच्या वाचकांना इथं ओळखीचं वाटेल.) कोण तुम्ही, म्हणून विचारलं तर रेडिओवर ‘रूल ब्रिटानिया’ लावलं. एगिरनं गाणं ऐकून घेतलं, ट्रॉलरच्या मागून आडवी गेली आणि पाण्यात सोडलेल्या कात्रीनं जाळ्याची एक तार खटकन तोडली. वरून खलाशांनी कोळसे फेकून मारले. पण चुकलेल्या कोळशानं तुटलेली तार सांधत नाही. 1975 मध्ये हद्द 200 मैल झाली, ब्रिटनच्या लढाऊ जहाजांनी धडका देऊन पाहिल्या, आइसलँडनं नाटोचा तळ बंद करण्याची भाषा केली आणि 1976 च्या जूनमध्ये साहेब घरी गेला.

त्याच 1976 मध्ये आपणही 200 मैलांचा कायदा केला. परदेशी बोटींसाठी 1981 चा वेगळा कायदा आहे. मैल आहेत, कायदे आहेत, 2025 च्या जानेवारीपासून महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ड्रोनसुद्धा भिरभिरतात. राहिली ती कात्री.

ती आणायची तर आधी अभ्यासगट आइसलँडला जाईल. जुलैत, कारण तेव्हा तिकडे हवा बरी असते. मग निविदा निघेल, सर्वात कमी दराची कात्री येईल आणि धार लावण्याचा खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली टाकायचा यावर फाईल फिरेल. खरी गंमत त्यापुढे. 12 सागरी मैलांपर्यंतचा समुद्र राज्याचा, पलीकडचा केंद्राचा. म्हणजे एक पातं मुंबईला, एक दिल्लीला. मासा कापायला सुरी पुरते, पण कात्रीची दोन्ही पाती एका खिळ्यावर यावी लागतात, आणि तो खिळा अजून कुठल्याच खात्याच्या यादीत नाही.

हे सगळं आम्ही मोठ्या उत्साहानं मालवणच्या बंदरावर तात्यांना ऐकवलं. तात्या जुने तांडेल. मांडीवर फाटकं जाळं, तोंडात दोऱ्याचं टोक. आदल्या रात्री कर्नाटकातल्या मलपीकडचे हायस्पीड ट्रॉलर आत घुसून त्यांच्या बांगड्याच्या जाळ्यांवरून गेले होते. सात जाळी सोडली होती, पावणेपाच परत आली. पाऊण म्हणजे किती, ते मांडीवर दिसत होतं: हात घालावा तर खांद्यापर्यंत आरपार.

“तुमी फोन केलात, तात्या?”

“केलंय तर. गस्तीची बोट खय म्हणान इचारलंय. सायबान सांगल्यान, तुमी त्येंका थांबवन ठेवा, आमी येताव.”

“आणि?”

“थांबवतलंय कसो? माझी होडी दोन सिलिंडरची, त्येंचा इंजिन हयसून आयकाक येता. हात करून बगलंय. त्यांनीय हात केल्यानी.”

आम्ही पुन्हा कात्रीवर आलो. ट्रॉलरची तार, खटकन, वगैरे. तात्यांनी सुई थांबवली.

“म्हणजे थय कात्री सरकाराकडे आसता?”

“हो.”

“हय ती ट्रॉलरवाल्याकडे आसा. सायबाक सांग, नवीन घेव नको. हीच तेवडी काढून घे.”

गाठ मारून झाली, तेव्हा तात्यांनी खिशातून दाढीचं अर्धं ब्लेड काढलं आणि दोरा कापला.

“घरात कात्री नाय, तात्या?”

“होती. होडयेत ठेयलेली,” तात्या म्हणाले. “मागच्या खेपेक जाळ्यावांगडा गेली.”