गैरहजेरी लावली कुणी?

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी टक्का जाहीर होतो आणि मतदाराला शिव्या पडायला सुरुवात होते. सुट्टी मिळाली की लोणावळ्याला पळतात, यांना लोकशाहीची किंमत नाही, यांच्या सवलती बंद करा. घराशेजारच्या शाळेत केंद्र असूनही जो गेला नाही, त्याला हे खुशाल ऐकवा. मी त्याची वकिली करणार नाही. पण न आलेल्यांत तो एकटाच नसतो. 2019 च्या लोकसभेला 67.4 टक्के मतदान झालं आणि 30 कोटींहून जास्त मतदार आले नाहीत, हे खुद्द निवडणूक आयोगाने सांगितलं होतं. या 30 कोटींत किती जणांनी टाळलं आणि किती जणांना कायद्यानेच दाराबाहेर ठेवलं? याची फोड कुणी देत नाही. सगळ्यांवर एकच शिक्का बसतो: उदासीन. लाखो माणसांच्या बाबतीत हा शिक्का खोटा आहे, आणि तो मारणाऱ्यांना ते ठाऊक असायला हवं.

तुरुंगापासून सुरुवात करू, कारण तिथे कायद्याने आडपडदाही ठेवलेला नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा, 1951, कलम 62, पोटकलम 5. जो तुरुंगात आहे किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला मत देता येत नाही. गुन्हा शाबीत झालाय की नाही, हे कलम विचारतच नाही. 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत सुमारे 5 लाख 73 हजार माणसं होती आणि त्यांतले 4 लाख 34 हजार कच्चे कैदी होते. म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे आपण शाळेपासून ऐकतो. मतदानाच्या दिवशी मात्र शंभरातल्या या पंचाहत्तर जणांना शिक्षा झालेल्यांच्याच रांगेत बसवतो.

तुरुंगात मतदान घ्यायचं तर बंदोबस्त लागेल, माणूसबळ लागेल, ही अडचण 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ग्राह्य धरली. अनुकूल चंद्र प्रधान यांच्या याचिकेवर हे कलम वैध ठरलं. कैदी स्वतःच्या वागण्यामुळे आत आहे, बाहेरच्या माणसाइतकं स्वातंत्र्य त्याला मागता येणार नाही, असंही न्यायालयाने म्हटलं. न्यायालयाचा पूर्ण मान राखून सांगतो, हे पटत नाही. याच कलमात प्रतिबंधक स्थानबद्धतेतल्या माणसाला सूट आहे. त्याला टपालाने मत देता येतं. म्हणजे मतपत्रिका तुरुंगाच्या दारातून आत जाते आणि शिक्का लागून बाहेरही येते. एका बराकीत ती पोचते, तर शेजारच्या बराकीत का नाही? आणि कोण कशामुळे आत आहे हे ठरवायला खटला असतो. तो संपायच्या आधीच निकाल धरून चालायचं असेल, तर खटला तरी कशाला चालवायचा?

याच्या पुढची गोष्ट जास्त चीड आणणारी आहे. एकाच गुन्ह्यातले दोन आरोपी घ्या. एकाला जामीन मिळाला, त्याने पैसे भरले, जामीनदार उभा केला आणि तो मतदानाच्या दिवशी बोटाला शाई लावून आला. दुसऱ्यालाही जामीन मंजूर झाला, पण भरायला रक्कम नाही, जामीनदार मिळत नाही. तो आत राहिला. दोघांवरचा आरोप एक, कलमं एक. मताचा हक्क मात्र ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याला. अमेरिकेच्या दक्षिणेत मत द्यायला आधी कर भरावा लागे. गरीब काळ्या माणसाला रोखायचं ते हुकमी हत्यार होतं आणि 1964 मध्ये त्यांनी 24 वी घटनादुरुस्ती करून केंद्रीय निवडणुकांतून ते हद्दपार केलं. आपण त्याला जामीन म्हणतो आणि कुणाला काही वाटत नाही.

कच्च्या कैद्याला मत देता येत नाही, पण निवडणूक लढवता येते. 1977 मध्ये जॉर्ज फर्नांडिस तिहारमध्ये होते. मुंबईच्या कामगारांचा हा नेता बडोदा डायनामाइट खटल्यातला आरोपी होता, आणि मुझफ्फरपूरच्या लोकांनी त्यांना 3 लाखांहून जास्त मताधिक्याने निवडून दिलं. ते योग्यच झालं. 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं, ज्याला मत देता येत नाही त्याला उभंही राहता येणार नाही. त्यावर संसद विलक्षण वेगाने हलली आणि त्याच वर्षी कायदा दुरुस्त झाला: कैदेत असला तरी माणूस 'मतदार' राहतो, म्हणून तो उमेदवार होऊ शकतो. 2024 मध्ये बारामुल्लातून अब्दुल रशीद शेख तिहारमधूनच खासदार झाले. उमेदवारीचा हक्क वाचवायला संसदेला काही महिने पुरले. कच्च्या कैद्याच्या मताचा हक्क द्यायला मात्र 1951 पासून सवड झालेली नाही.

त्या दुरुस्तीने आणखी एक केलं. कैद्याचं नाव मतदार यादीत कायम राहिलं. त्यामुळे तो एकूण मतदारांत मोजला जातो, मत देऊ दिलं जात नाही, आणि संध्याकाळी न आलेल्यांत मोजला जातो. कायदा स्वतःच दार लावतो आणि हजेरीपटावर त्याच माणसापुढे गैरहजर लिहितो.

आता तुरुंगाबाहेर येऊ, कारण आपल्या राज्यातली खरी मोठी संख्या इथे आहे. दसरा-दिवाळी झाली की बीड, अहिल्यानगर, जालना, परभणीच्या गावांतून ट्रक, ट्रॅक्टर भरून माणसं निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, नाही तर सीमेपलीकडे कर्नाटकातले कारखाने. फडाच्या कडेला कोपी, पहाटे तोडणीला सुरुवात, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. मार्च-एप्रिलपर्यंत गावाकडे म्हातारी माणसं आणि कुलपं. मत मात्र गावात, तीनशे किलोमीटरवर.

आता तारखा पाहा. जिल्हा परिषदांची मतदानं 2012 मध्ये 7 फेब्रुवारीला, 2017 मध्ये 16 आणि 21 फेब्रुवारीला झाली. फेब्रुवारी म्हणजे हंगाम ऐन भरात. गावचा रस्ता, शाळा, दवाखाना, पाणी, रोजगार हमीचं काम, म्हणजे जे सुधारलं तर या माणसांना गाव सोडावं लागणार नाही, ते सगळं ज्या सभागृहात ठरतं, त्याची निवडणूक ती माणसं गावात नसताना. विधानसभेची 2024 ची तारीख 20 नोव्हेंबर होती आणि गाळप हंगाम 15 नोव्हेंबरपासून. हे कुणी मुद्दाम ठरवलं असं मी म्हणत नाही. तारखा ठरवणाऱ्या टेबलावर ऊसतोड कामगार आठवतच नाही, हेच मला जास्त गंभीर वाटतं.

कायदा म्हणतो, मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी द्या. कलम 135-ब. रोजंदारीवरच्या माणसालाही. छान आहे. पण कोयत्याचा मालक कोण? कारखाना म्हणतो आमचा व्यवहार मुकादमाशी, मुकादम म्हणतो उचल फिटेपर्यंत खाडा चालणार नाही. आणि सुट्टी मिळाली तरी तिचं करायचं काय? जायला एक दिवस, यायला एक दिवस, दोघांचं भाडं, बुडालेली तोड, पाठीमागे बैल आणि लेकरं. एका मतासाठी एवढी किंमत या स्तंभाच्या वाचकांपैकी कितीजण मोजतील? मीही मोजेन अशी खात्री देऊ शकत नाही.

मग ही माणसं मत देतच नाहीत का? देतात, उमेदवाराला गरज असेल तेव्हा. ग्रामपंचायतीला चुरस असली की गाड्या फडापर्यंत येतात. भाडं, जेवण, बुडालेला रोज, सगळं उमेदवाराचं. लोकसभा-विधानसभेला मतदाराला फुकट वाहून नेणं हे लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम 123 प्रमाणे भ्रष्ट आचरण आहे. पण शासनाने जी सोय करायची ती केली नाही म्हणून ती जागा उमेदवाराच्या गाडीने घेतली. त्या गाडीत बसलेल्या बाईला मी दोष देणार नाही. जिच्या मताला गाडी पाठवणाऱ्याशिवाय कुणी विचारत नाही, तिने निर्भयपणे मत द्यावं ही अपेक्षा कुठल्या तोंडाने करायची?

यावर एक उत्तर नेहमी येतं: कायदे इतके जाचक असते तर टक्का वाढला कसा? बिहारचा दाखला देतात. तिथे 2025 मध्ये यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं. यादी 7.89 कोटींवरून 7.42 कोटींवर आली आणि नोव्हेंबरमध्ये सुमारे 67 टक्के विक्रमी मतदान झालं. 2020 मध्ये ते 57 च्या आसपास होतं. प्रत्यक्ष पडलेली मतंही वाढली, हे मान्य केलंच पाहिजे. पण भाजक लहान केला की भागाकार मोठा येतो, हे पाचवीतलं गणित आहे. तीच मतं जुन्या यादीवर मोजली तर टक्का 63 च्या जवळपास येतो. प्रारूप यादीतून 65 लाख नावं गळाली. त्यांत मेलेली माणसं होती, दुबार नावं होती; ती काढायलाच हवी होती. पण सर्वांत मोठा गट 'कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले' असा होता. सुरतेच्या गिरणीत किंवा मुंबईच्या बांधकामावर असलेला माणूस कायमचा गेला की छठला परत येणार, हे दारावर जाऊन कसं कळतं? कुणाचं नाव कोणत्या कारणाने गेलं ही यादी जाहीर करा, हे सर्वोच्च न्यायालयाला 14 ऑगस्टला सांगावं लागलं. त्या विक्रमी मतदानात स्त्रियांचा टक्का 71 च्या वर आणि पुरुषांचा 63 च्या खाली होता. बिहारचा पुरुष निवडणुकीच्या दिवशी कुठे असतो, ते मुंबईच्या वाचकाला मी सांगायला नको.

टक्का वाढला म्हणून कायदा निर्दोष ठरत नाही, हे अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटाने 2018 मध्ये दाखवलं. ओळखपत्रावर घराचा रस्त्यासह पत्ता हवा, असा नियम. आदिवासींच्या राखीव वस्त्यांत रस्त्यांना नावं नाहीत, पत्र पोस्टाच्या पेटीत येतं. निवडणुकीला महिना उरला असताना तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने नियम रोखायला नकार दिला. मग जमातींच्या कार्यालयांनी दिवसरात्र बसून हजारो ओळखपत्रं फुकट छापली, पत्ते ठरवून दिले, आणि तिथे मतदान वाढलं. लगेच नियमाचे समर्थक म्हणाले, बघा, कुणाला अडचण झाली का? झाली होती. त्या लोकांनी ती अंगावर घेतली, एवढंच. ओळखपत्राच्या कायद्यांनी एकंदर टक्का फारसा पडत नाही, असं सांगणारे अभ्यास तिकडे आहेत आणि ते खोटे नाहीत. पण सरासरीत एक वस्ती दिसत नाही, फडावरची एक टोळी दिसत नाही.

आपल्याकडे मार्ग नाही असंही नाही. काश्मीर खोऱ्यातून विस्थापित झालेल्या पंडितांसाठी जम्मू, उधमपूर आणि दिल्लीत विशेष केंद्रं असतात. तिथे बसून ते खोऱ्यातल्या आपल्या मतदारसंघात मत देतात. म्हणजे माणूस एकीकडे आणि मतदारसंघ दुसरीकडे असूनही मतदान घेता येतं. आयोगाने 16 जानेवारी 2023 ला पक्षांना दूरस्थ मतदान यंत्र दाखवायला बोलावलं, एका यंत्रावर 72 मतदारसंघ चालतील असं सांगितलं. पक्षांनी शंका काढल्या: परराज्यात छोट्या पक्षाने प्रतिनिधी कुठून आणायचे, तिथे आचारसंहिता कोण पाळणार, यंत्रावर विश्वास कसा ठेवायचा. शंका रास्त आहेत. पण त्यांतल्या पहिल्या दोन कोल्हापुरात तोड करणाऱ्या बीडच्या कोयत्याला लागू होत नाहीत. राज्य तेच, आयोग तोच, आचारसंहिता तीच, आणि पक्ष दोन्हीकडे आहेत. राहिली तिसरी. यंत्र नको असेल तर कागदी मतपत्रिका द्या. साखर कारखान्याच्या आवारात मतदानाच्या दोन दिवस आधी केंद्र उघडा. किती टोळ्या, कोणत्या तालुक्याच्या, हे कारखान्याला माहीत असतं. ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं देण्याचा निर्णय सरकारनेच घेतलेला आहे. ती नोंद मतदानासाठी वापरा. कर्नाटकात गेलेल्यांचा प्रश्न यातून सुटणार नाही. तो वेगळा सोडवावा लागेल.

आणि तारीख. मुदत संपायच्या आत निवडणूक घ्यायची हे घटनेचं बंधन आहे म्हणून फेब्रुवारी, असं सांगतात. 2022 मध्ये बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली, प्रशासक बसले आणि ते वर्षानुवर्षं बसून राहिले. तेव्हा हे बंधन कुणाला आड आलं नाही. ज्या राज्यात निवडणुका एवढ्या लांबू शकतात, त्या राज्यात कोयता गावी येईपर्यंत सहा आठवडे थांबणं, किंवा तो निघायच्या आधी दसऱ्याच्या सुमारास मतदान उरकणं अशक्य आहे, हे राज्य निवडणूक आयोगाने बीडच्या एखाद्या तांड्यावर जाऊन सांगावं. आणि पुढच्या वेळी टक्का जाहीर करताना न आलेल्यांचे आकडे वेगळे काढून द्यावेत: तुरुंगात किती, फडावर किती, परराज्यात किती. मग उरलेल्यांना काय बोलायचं ते बोलू.