शेठचा आवाज कटतोय

सुरतेत कुणाला फोन करायचा असेल तर आधी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर ‘फोन करू का?’ असं विचारायची रीत पडली आहे. निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. म्हणजे करू नये. तरी नेट लावून केलाच, तर समोरचा उचलतो, दोनदा ‘हॅलो’ म्हणतो, ‘आवाज कट थाय छे’ असं अगदी खणखणीत आवाजात सांगतो आणि ठेवून देतो. पाठोपाठ त्याचा मेसेज येतो : ‘बोलो.’

लाखाचा फोन घ्यावा आणि त्यावर धड बोलता येऊ नये, याबद्दल उधन्यापासून वराछापर्यंत सगळे कंपन्यांना शिव्या घालत असतात. आता शिवी हा सुरती माणसाचा श्वासोच्छ्वास असल्यामुळे तिच्यावरून त्याच्या रागाचा अंदाज बांधू नये. मला तर पक्का संशय आहे, की स्मार्टफोनमधली हीच गोष्ट या गावाला सर्वांत जास्त आवडलेली आहे. कॅमेरा, गाणी, रील हे सगळं वरकड. बोलता येत नाही, यातच खरा पैसा वसूल.

रिंग रोडच्या कापडबाजाराचं गणित ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पांडेसरा-उधन्यातला विवर, म्हणजे वीव्हर, विणकर, लूमवर ग्रे कापड विणतो. ते रिंग रोडचा व्यापारी उधारीवर घेतो, मिलमध्ये रंगवून-छापून त्याच्या साड्या करतो आणि नागपूर, मालेगाव, पाटण्याच्या पार्ट्यांना उधारीवर धाडतो. पार्टी त्या पुढे उधारीवर विकते. या साखळीत रोख कुणीच कुणाला देत नाही. देतात ती तारीख. आणि तारीख मागायची तर फोन करावा लागतो.

लँडलाइनच्या काळात शेठ लोकांची फार पंचाईत होती. आवाज स्वच्छ यायचा. विवरनं विचारलेलं ऐकू आलं नाही, असं म्हणायला वाव नसे. मग नुसतं ‘शेठ बाहर गया है’ एवढं सांगण्यासाठी एक माणूस पगारी ठेवावा लागे. तो कधी आजारी पडे, कधी दिवाळीला बोनस मागे, कधी चुकून खरं बोले. आज हे काम खिशातला फोन बिनपगारी करतो आणि बोनसही मागत नाही.

बाजारात नव्यानं आलेल्या पोराला दलाल पहिलं शिक्षण देतात ते फोन कंपनीच्या बाईचं म्हणणं ओळखायचं. ‘व्यस्त आहे’ म्हणाली तर घाबरू नये. शेठ धंद्यात आहे, दुसऱ्या कुणाला तरी तारीख देतोय. ‘कव्हरेज क्षेत्राबाहेर’ म्हणाली तर शेठ मार्केटच्या तळघरातल्या गोदामात किंवा सापुताऱ्याला आहे. दोन्हीकडून माणूस परत येतो. पण ‘स्विच ऑफ’ म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच म्हणाली, तर चप्पल शोधत बसू नये, सरळ दुकानाकडे धावावं. याला इथे ‘उठमणुं’ म्हणतात. शेठ माल विकून, शटर ओढून गाव सोडून गेलेला असतो. एवढी महत्त्वाची आर्थिक बातमी इतक्या लवकर कुठलंच वर्तमानपत्र देत नाही.

वास्तविक ९ जानेवारी २००७ रोजी स्टीव्ह जॉब्सनं पहिला आयफोन दाखवला, तेव्हा या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग म्हणजे फोन करणं, असं त्यानं भर सभेत सांगितलं होतं. त्याच कार्यक्रमात त्यानं स्टारबक्सच्या एका दुकानाला फोन लावला, ४,००० कप कॉफीची ऑर्डर दिली आणि लगेच राँग नंबर म्हणून ठेवूनही दिला. भरमसाट माल सांगायचा आणि अंग काढून घ्यायचं, ही हातोटी पाहून रिंग रोडवर त्याला कुणीही गादीवर बसवून चहा पाजला असता. पुढे २०१० साली आयफोन ४ डाव्या कोपऱ्याशी धरला की सिग्नल पडतो, अशी ओरड झाली. तेव्हा गिऱ्हाइकाला मिळालेला सल्ला असा, की मग तसा धरू नका. शेवटी कव्हरं फुकट वाटावी लागली. आमच्या सुरतेतल्या लिंबायतमध्ये कव्हर न मागताच लोक हे शास्त्र शिकले आहेत. गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला, मान तिरकी करून, एक पाय पाइपवर ठेवला की जळगाव लागतं. पाय काढला की तुटतं.

हे तुटणं पुढारलेल्या तंत्रज्ञानाचं लक्षण आहे, हेही लक्षात घ्यायला हवं. ४जी आलं ते सगळंच्या सगळं डेटासाठी; जुन्या पद्धतीच्या बोलण्याची वाट त्यात ठेवलीच नव्हती. कॉल आला की तो ४जी फोन गुमान खाली उतरून २जी-३जीवर जाऊन बोलायचा. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओनं दुकान मांडलं, तेव्हा तिच्याकडे २जी-३जी नव्हतंच, म्हणून बोलण्यालाही डेटाच्या गाडीत जागा करून द्यावी लागली. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जीचं उद्घाटन झालं. आजही कित्येक फोनांवर कॉल सुरू झाला की कोपऱ्यातलं ५जी हळूच ४जी होतं. साडी नेसणाऱ्या बाईचं रील पाहायला ५जी, आणि त्याच साडीचे पैसे मागायला ४जी.

उधन्यातल्या एका मोबाइलच्या दुकानात मी विक्रेत्या पोराला विचारलं, यावर आवाज कसा येतो? त्यानं उत्साहानं गाणं लावलं. म्हटलं, गाण्याचा नव्हे, माणसाचा. तो थोडा वेळ माझ्याकडे पाहत राहिला. काउंटरवर मांडलेल्या एकाही नमुन्याच्या फोनात सिम नव्हतं. फोटो काढून पाहा, गेम खेळून पाहा, बोटाचा ठसा उमटवून पाहा. फोन तेवढा करून पाहता येत नव्हता. खोक्यावर मेगापिक्सेल होते, रॅम होती, बॅटरी होती. कान आणि फोन यांच्या संबंधाविषयी एकच आकडा मिळतो, तो ‘सार’चा (एसएआर) : फोन कानाला लावल्यावर डोक्यात किती लहरी शोषल्या जातात त्याचं माप. भारतात त्याची मर्यादा किलोमागे १.६ वॅट आहे आणि *#०७# दाबलं की तो आकडा पडद्यावर येतो. म्हणजे या फोनमुळे डोकं किती तापेल हे छापील कळतं. समोरच्याचं बोलणं किती कळेल, हे नशीब.

सरकारला या विषयाची काळजी नाही असं कुणी म्हणू नये. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्राय या दूरसंचार नियामकानं नियम केला, की कॉल तुटला तर कंपनीनं ग्राहकाला १ रुपया द्यायचा, दिवसाला जास्तीत जास्त तीन. १ जानेवारी २०१६ पासून तो लागू व्हायचा होता. रिंग रोडवर त्याच संध्याकाळी हिशोब झाला असणार : दिवसाला ३, महिन्याला ९०, घरात सात सिम, म्हणजे ६३०, आणि तेही विवरला चुकवण्याच्या कामाचे! हा घरबसल्या धंदा सर्वोच्च न्यायालयानं ११ मे २०१६ रोजी नियम रद्द करून बुडवला.

त्याहून सुंदर प्रकरण २०१९ चं. एका कंपनीचा ग्राहक दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकाला फोन करी, तेव्हा पहिलीनं दुसरीला मिनिटाला ६ पैसे द्यायचे असत. कुणाच्या तरी सुपीक डोक्यात आलं, की आपल्याकडून जाणारी घंटीच जर लवकर तोडली तर मिस्ड कॉल होईल, समोरचा उलट फोन करील आणि ६ पैसे देण्याऐवजी घेता येतील. जिओनं घंटी आखूड केली. एअरटेलनं कुरकुर केली आणि मग आपलीही २५ सेकंदांवर आणली. अखेर नोव्हेंबरात ट्रायला फर्मान काढावं लागलं, की मोबाइलची घंटी ३० सेकंद आणि लँडलाइनची ६० सेकंद वाजलीच पाहिजे. देशातल्या अव्वल धनिकांच्या कंपन्या एकमेकींना मिस्ड कॉल देत होत्या! गावाकडे ‘एक मिस्ड कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे डबा पाठव’ हा संकेत पाळणाऱ्या आमच्या मावशींना इतकी वर्षं उगाच कंजूष म्हटलं गेलं.

घंटी वाजायच्या आधीची करमणूक निराळी. कोरोनाच्या मार्च २०२० मध्ये कुणालाही फोन लावला की आधी कुणीतरी खोकायचं. पुढे सायबर गुन्ह्यांपासून सावध करायला अमिताभ बच्चन आले आणि जून २०२५ मध्ये गेले. मधल्या काळात पैसे बुडालेल्या विवरनं शेठला फोन लावावा, तर आधी अमिताभ बजावत, की अनोळखी माणसाच्या भूलथापांना बळी पडू नका. ओळखीच्या माणसाच्या थापांबद्दल ते काही बोलत नसत.

आमच्या सोसायटीनं मात्र या बाबतीत स्वतःची नवी पायरी गाठली आहे. सभेच्या एकाच इतिवृत्तात लागोपाठ दोन ठराव आहेत. पहिला : परिसरात नेटवर्क येत नाही, सबब कंपनीला कडक पत्र पाठवावं. दुसरा : समोरच्या इमारतीवर टॉवर बसू देऊ नये. भारतानं १ सप्टेंबर २०१२ पासून टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मापाच्या एक दशांशावर आणली आहे, हे मी सभेत सांगून पाहिलं. पण ते मी फोनवरून सभेत सामील होऊन सांगितलं, त्यामुळे कुणाला ऐकू गेलं नाही.

या सगळ्या सोयीच्या बहिरेपणात एक माणूस बसत नाही. लूमच्या शेडमध्ये खानदेशातली आणि ओडिशाच्या गंजाममधली माणसं बारा-बारा तासांच्या पाळ्या करतात. तिथला खडखडाट असा, की शेजारच्याचं बोलणं ओठांवरून ओळखावं लागतं. स्मार्टफोनमध्ये गोंगाट गाळायची सोय असते : एक माइक तोंडाशी, दुसरा वरच्या टोकाला, दोहोंच्या आवाजांचा मेळ घालून गोंगाट वजा करायचा. लूमच्या शेडमध्ये हा हिशोब केला, की गोंगाटाबरोबर माणूसही वजा होतो. म्हणून पाचोऱ्याहून फोन आला की कारागीर मशीन शेजाऱ्याच्या नजरेखाली सोडून गेटबाहेर धावतो. त्याला समोरच्याचं बोलणं खरोखरच ऐकायचं असतं. त्याच्या हातात बहुधा बटणांचा फोन असतो. २००३ साली आलेल्या नोकिया ११०० मध्ये धूळ आत जाऊ नये असा कीपॅड होता आणि अंधारात उपयोगी पडणारा टॉर्च होता. जगभर तो २५ कोटींच्या घरात खपला. त्यात कॅमेरा नव्हता. माणसं एकमेकांशी बोलण्यावाचून दुसरं करणार काय?

आणि बोलणं महाग होतं तेव्हा मुद्द्याचं होतं. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे तेव्हाचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी कोलकात्याहून दिल्लीला केंद्रीय दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, त्या सुमारास मिनिटाला १६ रुपयांपर्यंत पडत, आणि फोन घेणाऱ्यालाही पैसे पडत. आता अमर्याद बोलणं पॅकमध्ये फुकट आहे, आणि त्यातला निम्मा वेळ ‘आता येतोय का आवाज?’ यात जातो.

आमच्या ओळखीच्या एका शेठनं तर या कलेत भूगोलही आणला आहे. ताप्ती मार्गावर उधन्याहून नंदुरबारला जाताना नवापूर लागतं. स्टेशन अर्धं गुजरातेत, अर्धं महाराष्ट्रात. सीमा फलाटावरच्या बाकड्यातूनच जाते आणि लोक तिच्या दोहो बाजूंना बसून फोटो काढतात. उघराणीचा, म्हणजे वसुलीचा, फोन आला की शेठ म्हणतात, ‘भाऊ, ट्रेनमां छूं, नवापूर आव्युं, नेटवर्क जशे,’ आणि नेटवर्क जातं. मागे पार्सलवाले ‘बाजू हटो’ ओरडत असतात आणि नवापूरच्या फलाटावर कुणीतरी साडीचे डिझाइन नंबर मोजत असतं. एकदा विवरनं वैतागून कॉल रेकॉर्डिंगचं बटण दाबलं. हल्ली बऱ्याच फोनांत त्याची घोषणा दोघांनाही ऐकू जाते. त्या क्षणापर्यंत शेठ अस्सल सुरतीत विवरच्या मातुल घराण्याचा उद्धार करत होते. घोषणा झाली आणि तेच शेठ कसे म्हणाले, ‘जय श्री कृष्ण, तबियत केम छे?’ हा एवढा भाग मात्र एक अक्षरही न तुटता ऐकू आला.

परवा दुकानात गेलो तर शेठ स्वतःच फोनवर किंचाळत होते. पलीकडे नागपूरची पार्टी होती, पाच महिन्यांची बाकी होती आणि पार्टीला आवाज कटून येत होता. ‘हॅलो! हॅलो! मने तो बराबर संभळाय छे!’ शेठ कळवळून सांगत होते. पार्टी म्हणाली, ‘शेठजी, मी लिफ्टमध्ये आहे.’ फोन ठेवून ते माझ्याकडे वळले आणि या देशातल्या टेलिफोन व्यवस्थेवर एक लेख लिहायची मला आज्ञा केली. ‘अरे भाऊ, आज काल कोई ठीक से बात ही नहीं करता!’

शेठ दोन फोन बाळगतात. ज्यांना पैसे द्यायचे त्यांच्यासाठी लाखाचा स्मार्टफोन आणि ज्यांच्याकडून यायचे त्यांच्यासाठी हजाराचा बटणांचा. नागपूरचा फोन बटणांवरूनच केला होता, म्हणजे यंत्रात दोष नव्हता. दोष नागपूरवालाही स्मार्ट झाल्याचा होता. आता त्यांना दोन सांभाळायचा कंटाळा आलाय. आपला आवाज पलीकडे घणाघाती जावा, पलीकडचा आपल्याकडे येऊ नये, आणि समोरचा लिफ्टमध्ये असो की नवापुरात, त्याला ठेवता येऊ नये, असं एकच मॉडेल निघालं तर कळवायला सांगितलंय. त्यासाठी आगाऊ रोख द्यायची त्यांची तयारी आहे. रोख! आणि आगाऊ! रिंग रोडवरच्या शेठची!