भाऊजी, घसरगुंडीची उंची नंतर बघू

दुबई,
रविवार

प्रिय भाऊजी,


तुमचा नकाशा व्हॉट्सॲपवर मिळाला. यवतमाळच्या दारव्हा रोडच्या वावरात निळ्या पेनाने काढलेलं ते मोठं वेटोळं बघून तुमचे दादा म्हणाले, "ठिबकची लाइन दिसते." फोटो मोठा केल्यावर कळलं की वॉटर पार्क आहे! कापसाला भाव नाही, सोयाबीनवर येलो मोझॅक, तेव्हा यंदा पाण्याचंच पीक घेऊ, हे तुमचं गणित कळलं. "वहिनी, तुम्ही तिथेच राहता, लोकांना नवीन काय पाहिजे ते बघून कळवा, तसंच मागवतो," असं लिहिलंत. आई सध्या इथेच आहेत, पोरांना सुट्टी आहे आणि फुकटचा सल्ला द्यायला मला पहिल्यापासून आवडतं. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी इथला थाट सांगते. या गावात वर्षाचा पाऊस शंभर मिलिमीटरच्या आतबाहेर. आपल्याकडे एकट्या जुलैत त्याच्या दुप्पट पडतो. तरी बुर्ज अल अरब हॉटेलाला खेटून 1999 पासून 'वाइल्ड वाडी' आहे, पाम बेटावर 2008 पासून 'ॲक्वाव्हेंचर' आहे, आणि शेजारच्या अबू धाबीत 2013 पासून 'यास वॉटरवर्ल्ड'. समुद्राचं पाणी गोडं करायचे प्रचंड कारखाने जबल अलीला आहेत, त्यांच्या जिवावर हे शहर पाणी पितं. आपल्याकडे आभाळ पाणी देतं आणि मे महिन्यात आपण टँकरची वाट बघतो. यावर आईंचं मत, "देव देते, पन ठेवाले भांडं लागते ना बाप्पा!"

आता तुमचा मुख्य प्रश्न, सगळ्यात उंच घसरगुंडी कोणती मागवू? वाइल्ड वाडीत 'जुमेरा सिरा' नावाची एक आहे. उंची बत्तीसेक मीटर. वर एका काचेच्या खोक्यात हाताची घडी घालून उभं करतात, पायाखालची फळी अचानक सरकते आणि माणूस ताशी 80 किलोमीटरच्या वेगाने खाली. तुमचे दादा मोठ्या उत्साहाने वर गेले आणि बऱ्याच वेळाने जिन्याने खाली आले. "वर वारा छान होता," एवढंच बोलले. आईंनी खालूनच निकाल दिला, "एवढ्या पायऱ्या चढाच्या, मंग पडाचं, अन् त्याचे पैसेही आपनच द्याचे? फुकट पडता येत नाही काय कुठी?"

ॲक्वाव्हेंचरला घसरगुंडीची काचेची नळी शार्कच्या तलावातून जाते. त्यावर आई म्हणाल्या, "मासा मले पाहीन का मी माशाले? डोये तर मिटलेले राह्यतीन." पाण्याचा जोरदार फवारा मारून ट्यूब चढणीवर ढकलणारी एक घसरगुंडी आहे. ती बघून मात्र त्या थबकल्या. "पानी वर चढते ते आपल्या कळंबच्या चिंतामनीच्या कुंडात. तेही बारा वर्षांनी," असं पुटपुटून त्यांनी हात जोडले. मागे उभ्या असलेल्या फिलिपिनो मुलीनेही जोडले.

उंचीचा नाद कुठवर जातो तेही ऐका. अमेरिकेत कॅन्सस सिटीला 2014 साली 51 मीटर उंचीची घसरगुंडी उभी राहिली, तेव्हाची जगातली सर्वांत उंच. 2016 मध्ये तिच्यावर दहा वर्षांचा मुलगा दगावला आणि 2018 मध्ये ती पाडली. यात हसण्यासारखं काही नाही. तुमच्या नकाशात घसरगुंड्या सात आहेत, जीवरक्षक कुठेच नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं. आधी शिट्टीवाली, पट्टीची पोहणारी माणसं नेमा.

मग लोकांना पाहिजे तरी काय? मी बाकावर बसून तेवढंच बघितलं. आपली मोठी म्हणते तिला 'थ्रिल' पाहिजे. प्रत्यक्षात तिला हवा होता थ्रिलचा फोटो, तोही मैत्रिणींआधी. धाकट्याला पाहिजे होती उंची. प्रत्येक मोठ्या घसरगुंडीशी एक मापाची काठी असते आणि तिच्याशेजारी कधीही न हसणारा एक पोऱ्या. आपला गडी काठीला दोन बोटं कमी पडला. त्याने टाचा उचलल्या, मान ताणली, शेवटी ओल्या केसांचा तुरा करून उभा राहिला. पोऱ्याने तळहाताने तुरा चपटा केला आणि लहान मुलांच्या तलावाकडे बोट दाखवलं. तिथे डोक्यावर एक भलीमोठी बादली भरत असते आणि भरली की उलटते. दुपारभर तो तिच्याखालून हलला नाही. त्या बादलीत नवीन काही नाही, वीजसुद्धा फारशी लागत नसेल, पण उलटायच्या आधी घंटा वाजते आणि शंभर पोट्टी एकदम किंचाळतात. हे लिहून ठेवा.

मला काय पाहिजे होतं? कपडे बदलायला कोरडी खोली, जिच्या दाराला कडी आहे आणि आत खुंटी आहे. तापलेल्या फरशीवर पाय भाजणार नाहीत अशी वाट. सावली. भाऊजी, सावली दुबईतसुद्धा नवीन आकर्षण ठरते. एका छत्रीखाली मी चार देशांची माणसं सरकून बसलेली बघितली. आणि पाहिजे होता आपला डबा. इथल्या एका पार्काच्या दारात पिशवी तपासतात आणि घरचं खाणं बाहेर ठेवायला लावतात. आईंनी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या अशा अडकल्या. आत ज्या किमतीला बटाट्याचे काप मिळाले, त्यात तुमच्या आर्णी नाक्यावर घरभर कचोरी आली असती. यवतमाळात डबा अडवलात तर पहिल्याच रविवारी दगडफेक होईल. अडवू नका. उलट नळाशेजारी चटया द्या आणि ताक विका.

आईंचं सांगते, कारण खरं आकर्षण त्याच होत्या. पाण्यात सुती लुगडं चालत नाही, नायलॉनचाच पोशाख लागतो. आम्हाला वाटलं, आई काठावर बसतील. पण इथल्या बायका डोक्यापासून पायापर्यंत झाकणारा पोहायचा पोशाख घालतात, बुर्किनी म्हणतात त्याला. दुकानात आईंनी कापड दोन बोटांत चोळून पाहिलं, ताणून पाहिलं, "लुगड्याहून झाकते हे तर," म्हणाल्या आणि निळ्या रंगाची बुर्किनी घालून बाहेर आल्या. तुमच्या दादांनी आपल्या आईला ओळखलंच नाही, दुसऱ्याच बाईंना हात दिला.

मग त्या 'लेझी रिव्हर'मध्ये उतरल्या. लेझी रिव्हर म्हणजे कंबरभर पाण्याचा गोल कालवा. पंप पाणी हळूहळू ढकलतो, आपण ट्यूबमध्ये पडून राहायचं, ते फिरवून आणतं. आई गेल्या त्या जेवणापर्यंत बाहेर आल्या नाहीत. प्रत्येक फेरीला त्यांच्याबरोबर नवी मैत्रीण दिसायची: कधी लाहोरची, कधी कैरोची, कधी कोझिकोडची. त्या वऱ्हाडीत बोलत, बायका आपापल्या भाषेत, आणि सुनांचा विषय असावा असं एकंदर हातवाऱ्यांवरून दिसत होतं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "याले म्हनतात पानी! काई कराच नाही, अन् कोनी उठवत नाही."

पार्कवाल्यांनाही हे कळायला वेळ लागला. जॉर्ज मिले नावाच्या गृहस्थाने 1977 मध्ये ऑरलँडोला 'वेट एन वाइल्ड' काढलं, तिथून आजच्या वॉटर पार्काची चाल सुरू झाली असं मानतात. ते 2016 अखेरीस बंद झालं. पुढच्या वर्षी ऑरलँडोतच 'व्होल्कॅनो बे' उघडलं आणि आलेल्या प्रत्येकाच्या मनगटावर पट्टा बांधला. नंबर आला की पट्टा सांगतो, तोवर पाण्यात डुंबा. म्हणजे चाळीस वर्षं डोकं चालवून शोधलेलं नवं आकर्षण काय, तर रांगेत उभं राहायचं नाही! तुम्हाला पट्टे परवडणार नाहीत. पण तलाठी कार्यालयापासून बँकेपर्यंत रांगेत उभं राहिलेला माणूस रविवारी पुन्हा रांगेत उभा राहायला तिकीट काढणार नाही. तेव्हा घसरगुंड्या चार कमी करा आणि कालवा लांब करा. कालव्यात रांग लागत नाही, सगळेच पुढे सरकत असतात.

सजावटीसाठी प्लास्टिकचे नारळ मागवू नका. वाइल्ड वाडीने अरबांच्या गोष्टीतला जुहा घेतला, यास वॉटरवर्ल्डने इथल्या मोती काढणाऱ्यांची कहाणी घेतली. तुमच्याजवळ पैनगंगेचा सहस्रकुंड धबधबा आहे. काळ्या दगडातून ते पाणी कसं फुटून पडतं ते उमरखेडच्या कोणत्याही माणसाला विचारा. तसा दगड रचा, कडेला कडुनिंब आणि पळस लावा. दगड खरा ठेवा, इथला फायबरचा उन्हात सोलतो.

आता जरा कडू बोलते, वहिनी म्हणून. 2018 चा उन्हाळा आठवा. निळोणा आणि चापडोह दोन्ही धरणांनी तळ दाखवला आणि शहरात नळाचं पाणी ही बातमी झाली. 2016 च्या दुष्काळात तर उच्च न्यायालयाने 30 एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला लावले. मैदानाच्या गवतावरून एवढं होतं, तुमच्या कालव्याला कोण सोडेल? पार्काचं पाणी गाळून तेच तेच फिरवतात हे खरं, पण चव्वेचाळीसच्या उन्हात वाफ होतं ते, शिंतोड्यांत जातं ते, आणि गाळण्या उलट्या धुताना वाहतं ते रोज नव्याने भरावंच लागतं. म्हणून आधी मोठं शेततळं खोदा, जुलै-ऑगस्टचं पाणी त्यात धरा आणि जेवढं उरेल तेवढेच दिवस पार्क चालवा. गावाला टँकर लागला की पार्काला कुलूप, हे तिकिटावरच छापा. आणि उद्घाटन 10 मे ला धरलंय ते बदला. ती आपल्या पुसदचे माजी मुख्यमंत्री सुधाकरराव नाईक यांची पुण्यतिथी. राज्यात त्या दिवशी जलसंधारण दिन पाळतात. पुसदचे पाहुणे त्याच दिवशी तुमच्याकडे पाण्यात नाचायला येतील असं तुम्हाला खरंच वाटतं?

आईंची तब्येत उत्तम. बुर्किनी त्या सोबत आणणार आहेत. बाबांना आत्ताच सांगू नका.

तुमची,
वहिनी

ता. क. पार्टनर म्हणून दादा किती टाकतील, असं तुम्ही विचारलं होतं. ते म्हणतात, आधी वावराच्या विहिरीत दोर टाका, आणि मे महिन्यात किती हात ओला निघतो ते कळवा.