लिनक्सनिष्ठ गृहस्थ आणि त्याचा वाटाड्या

परदेशस्थ मराठी समाजात लिनक्सनिष्ठ गृहस्थांचा वर्ग संख्येने लहान असला, तरी त्यांच्यापैकी एकही नाही असे मराठी मंडळ सापडणे कठीण आहे. लिनक्स म्हणजे लिनस टॉरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ मध्ये सुरू केलेली, पुढे जगभरच्या प्रोग्रामरांनी वाढवलेली आणि कोणालाही फुकट वापरता व बदलता येणारी संगणकप्रणाली; आणि लिनक्सनिष्ठ म्हणजे ती स्वतः वापरून न थांबता इतरांनीही ती का वापरावी हे, विशेषतः पंगतीत ताटावर बसल्यामुळे उठून जाऊ न शकणाऱ्या माणसाला, सविस्तर सांगणारी व्यक्ती.

या वर्गाचा स्वभाव पूर्णपणे प्रकट होतो तो मोटारीतील वाटाड्या यंत्राचे नकाशे अद्ययावत करताना. असे यंत्र उपग्रहांच्या संकेतांवरून स्वतःचा ठावठिकाणा काढते, पण रस्ते त्याला पोटात साठवलेल्या नकाशावरूनच कळतात. म्हणून त्यात अधूनमधून नवा नकाशा भरावा लागतो, आणि अनेक यंत्रे त्यासाठी संगणकाला जोडावी लागतात. अशी यंत्रे बनवणाऱ्या टॉमटॉम कंपनीने त्यासाठी दिलेला प्रोग्राम विंडोज आणि मॅक या दोन प्रणालींवर चालतो, लिनक्सवर चालत नाही. या कंपनीचे मुख्यालय अ‍ॅमस्टरडॅमला आहे, आणि शेजारच्या अ‍ॅमस्टेलवेनमध्ये भारतीय वस्ती मोठी आहे. त्यामुळे तेथील लिनक्सनिष्ठाला अन्यायाचे उगमस्थान घरापासून थोड्याच अंतरावर असल्याची जाणीव सतत छळत असते.

अन्याय अधिक झोंबतो तो एका कारणाने, आणि ते कारण तो संधी मिळेल तेथे उच्चारतो : “आत लिनक्सच आहे!” हे म्हणणे खोटे नाही. टॉमटॉमचे यंत्र स्वतः लिनक्सवर चालते. इतकेच नव्हे, तर फेब्रुवारी २००९ मध्ये विंडोजच्या मालक मायक्रोसॉफ्टने टॉमटॉमवर आठ पेटंटांच्या उल्लंघनाचा दावा लावला, त्यांतील तीन पेटंटांचा संबंध लिनक्सच्या गाभ्याशी होता, आणि मार्चअखेरीस टॉमटॉमने पैसे देऊन तडजोड केली. हा इतिहास ऐकल्याशिवाय त्याच्या मोटारीत पुढच्या आसनावर कोणालाही बसता येत नाही. घरातील वायफायची पेटी बंद पडली, की दुरुस्तीआधी तो घोषित करतो, “आत लिनक्सच आहे!” विमानात आसनामागचा पडदा बिघडून त्यावर काळ्या पार्श्वभूमीवर लिनक्स सुरू होतानाच्या पांढऱ्या ओळी धावू लागल्या, की शेजारचे प्रवासी धास्तावतात आणि याला भरून येते. पत्नीने कंटाळून अँड्रॉइड फोनवर अर्ध्या मिनिटात रस्ता शोधला, तर पराभव मान्य करण्याऐवजी तो समाधानाने म्हणतो, “त्याच्याही आत लिनक्सच आहे!”

प्रत्यक्ष अद्ययावतीकरणाचा मुहूर्त नेमका गणेशोत्सवाच्या दिवशी, घरातील मंडळी नटूनथटून दाराशी उभी असताना लागतो. प्रथम ‘वाइन’चा प्रयोग होतो. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या या मध्यस्थ व्यवस्थेत कंपनीचा प्रोग्राम उघडतो खरा, पण जोडलेले यंत्र त्याला दिसत नाही. मग आभासी संगणकाचा, म्हणजे लिनक्सच्या पोटात सॉफ्टवेअरनेच उभारलेल्या विंडोज संगणकाचा, आश्रय घेतला जातो. तेथे यंत्र दिसते, नकाशा उतरू लागतो, आणि निम्म्या वाटेत यंत्र बंद होऊन पुन्हा सुरू होताच त्याची जोडणी बाहेरच्या लिनक्सकडे जाते व आतला विंडोज हात चोळत बसतो. यंत्रातही लिनक्स आणि संगणकातही लिनक्स, तरी दोघांचे बोलणे विंडोजमार्फतच व्हावे, हा प्रकार दोन सख्ख्या भावांना परस्परांशी बोलण्यासाठी वकील लागावा तसा आहे. “अहो, आरती व्हायची वेळ झाली,” या सूचनेला “फक्त पाच मिनिटं,” हे ठरलेले उत्तर मिळते. ज्या सभागृहात जायचे असते त्याचा रस्ता कुटुंबातील धाकट्या मुलालाही तोंडपाठ असतो, ही बाब या चर्चेत कोणी काढत नाही.

तरीही एक गोष्ट नोंदवणे भाग आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबवला, आणि विंडोज ११ साठी लागणारी सुरक्षा-चिप किंवा पुरेसा नवा प्रोसेसर नसलेले, एरवी धडधाकट असलेले लॅपटॉप त्यांच्या मालकांना अडगळ वाटू लागले. पंगतीत ज्यांनी त्याची टर उडवली होती, तेच मग पिशवीत लॅपटॉप घालून त्याच्या दारी आले. त्याने मध्यरात्रीपर्यंत जागून प्रत्येकात लिनक्स बसवले, कोणाच्या भारतातून आलेल्या आईसाठी देवनागरी कळफलक जुळवून दिला, आणि मोबदला म्हणून प्रवचन ऐकण्यापलीकडे काही मागितले नाही.

त्याच्या स्वतःच्या यंत्राचा नकाशा मात्र दरवर्षी रात्री, तो झोपल्यावर, पत्नीच्या विंडोज लॅपटॉपवरून भरला जातो. सकाळी नवा नकाशा पाहून तो आभासी संगणकाची युक्ती अखेर फळली असे सर्वांना सांगतो, आणि ती मान डोलावते. संगणकाच्या नोंदवहीतील प्रत्येक ओळ वाचणाऱ्या माणसाला, त्या रात्री आपल्या संगणकाला काहीच जोडलेले नव्हते, हे कळत नसेल असे मानणे अवघड आहे. याविषयी तो कधी बोलत नाही; मात्र पुढील वर्षी आरतीहून परतल्यावर तो यंत्र, केबलसकट, तिच्या टेबलावर विसरून झोपायला जातो.