कोण गाव, काय आडनाव?

माझ्या मेव्हण्याने पिंपळगावहून बेदाणे विकायला वेबसाइट काढली आणि स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग घेतलं. पैसे भरून झाल्यावर मला फोन. "दाजी, मशीन एक, पत्ता एक आणि साइटी शेकडो. मग गिऱ्हाईक माझ्याच दुकानात कसं येणार?"

शंका रास्त होती. त्याला म्हटलं, रामकुंडावर जाऊन ये. तिथे उपाध्ये आधी विचारतात, कोण गाव, काय आडनाव? तेवढं सांगितलं, की ढीगभर वह्यांतून नेमकी आपल्या घराण्याची वही निघते आणि तीत पणजोबांची सही. ब्राउझरही सर्व्हरच्या दारात असंच साइटचं नाव सांगतो. 1997 साली एचटीटीपी 1.1 आलं आणि हे नाव सांगणं सक्तीचं झालं. त्याआधी साधारणपणे दर साइटला वेगळा आयपी पत्ता लागे, आणि जुन्या पद्धतीचे पत्ते साऱ्या जगात मिळून सुमारे 430 कोटी. बेदाण्यांना कुठून पुरणार?

"पण जागा अनलिमिटेड आहे बरं का," मेव्हणा म्हणाला. अटींचं पान आम्ही दोघांनी मिळून वाचलं (ते वाचणारे जगात आम्हीच असू). जागा अमर्याद, फाइलींची संख्या मात्र ठरलेली. त्यातही तिथे प्रत्येक ई-मेल ही एक फाइल, आणि आमच्या पठ्ठ्याने जागा फुकट म्हणून एकही पत्र पुसलेलं नाही.

प्रोसेसर आणि मेमरीचीही मापं ठरलेली होती. एका भाडेकरूने सगळ्यांचं खाऊ नये म्हणून ही सोय. पण दिवाळीत ऑर्डरी आल्या आणि ती सोय आमच्यावरच उलटली. बेदाण्यांच्या जागी पडद्यावर '508'. वर्षभर माश्या मारत बसलेलं दुकान गर्दी झाल्याबद्दल बंद! सिंहस्थातसुद्धा पर्वणीला घाट बंद करत नाहीत हो.

मग बिलं गिऱ्हाइकांच्या स्पॅममध्ये जायला लागली. त्याच मशीनवरून कुणीतरी लॉटरीची पत्रं वाटली होती, त्यामुळे मेल जायचा सामाईक पत्ताच काळ्या यादीत. आपण सोवळ्यात असून उपयोग नाही.

"व्हीपीएस घे," मी सुचवलं. "मशीनचा ठरलेला वाटा तुझ्या एकट्याचा."

"आणि बिघडलं तर?"

"स्वस्तातलं घेतलंस तर तूच बघायचं."

तो गप्प झाला. एका आयपीवर कोण कोण नांदतंय ते दाखवणाऱ्या साइटी असतात. रात्री त्याने शेजाऱ्यांची यादी काढली: केसांचं तेल, ज्योतिषी, ट्रॅक्टरचे सुटे भाग, वधूवर सूचक केंद्र. सकाळी तीन वर्षांचे पैसे एकदम भरून मोकळा.

"दाजी, थोरलीचं नाव त्या केंद्रात घालून टाकलं. शेजारचीच माणसं आहेत."