आठ टक्क्यांची काटकसर

कॉन्फिगरेशनची फाइल म्हणजे माणसाला वाचता येईल असा साधा मजकूर, अशी आपली श्रद्धा. त्याच यामल फाइलीत मग कोणीतरी प्रमाणपत्र कोंबतो, कोणी लोगो, तर कोणी अख्खी झिप. बायनरी तशीच ठेवता येत नाही, म्हणून तिला अक्षरांचं सोंग द्यायचं. हेक्समध्ये आकार थेट दुप्पट. बेस६४मध्ये ३ बाइटांची ४ अक्षरं, बेस८५मध्ये ४ बाइटांची ५. म्हणजे वाढ अनुक्रमे ३३ आणि २५ टक्के. मधल्या आठ टक्क्यांसाठी मंडळी हिरिरीने भांडतात. फाइल आधी जीझिप करावी, हे मात्र कोणालाच सुचत नाही.

बेस८५ची एक वर्णमाला आली आरएफसी १९२४मधून. तिची तारीख १ एप्रिल १९९६. आयपीव्ही६चे पत्ते आखूड करण्याची ती चक्क थट्टा होती. आज तीच वर्णमाला गिट आणि पायथन गंभीर चेहऱ्याने वापरतात. तिच्यात डॉलर आणि बॅकटिक आहेत. अवतरणात न ठेवता शेलला दिलीत, तर पुढचा विनोद शेल करेल.

कुबरनेटीसच्या सीक्रेटमध्ये मजकूर बेस६४मध्ये असतो, म्हणून तो गुप्त आहे असं समजणारेही भेटतात. बेस६४ला कुलूप नसतं, नुसती कडी असते. शिवाय सीक्रेटची मर्यादा १ मेबीबाइट.

तेव्हा लहान फाइल असेल तर जीझिप करून बेस६४ वापरा. मोठी असेल तर बाहेर ठेवा आणि कॉन्फिगमध्ये फक्त तिचा पत्ता लिहा.