डावीकडे वळल्यास गाडी बंद

बुलढाण्यात जुन्या मोटारसायकलचं निदान करायला मेकॅनिककडे जावं लागत नाही. चहाच्या टपरीसमोर गाडी उभी करून दोन-चार किका मारा, निदान आपल्या पायांनी चालत येतं. एकजण म्हणतो प्लग गेला, दुसरा म्हणतो कॉइल, आणि ज्याच्या घरी सायकलसुद्धा नाही तो ठामपणे सांगतो, "सीडीआय." ही सीडीआय म्हणजे मोठी सोय. प्लगची ठिणगी सांभाळणारी काळी, सीलबंद डबी. आत काय आहे ते कुणीच पाहिलेलं नाही, त्यामुळे तिच्यावर काहीही ढकलता येतं.

माझी गाडी शंभर सीसीची, गेल्या शतकातली. कंपनीचं नाव सांगत नाही. टाकीवरूनही ते केव्हाच उडालंय. आजार एवढाच की सरळ रस्त्याला झकास, उजवीकडे वळताना झकास आणि डावीकडे हँडल जरा जास्त वळलं की बंद.

शहरात हे चालून जातं. बुलढाण्याहून बोथ्यामार्गे खामगावला निघालात की जात नाही. हा रस्ता ज्ञानगंगा अभयारण्यातून जातो आणि तिथे अस्वलं आहेत. त्यात माझ्या गाडीचा हेडलाइट बॅटरीवर नाही, थेट मॅग्नेटच्या कॉइलवर चालतो. इंजिन जेवढं पळेल तेवढा उजेड. म्हणजे दिवस मावळल्यावर समोरचं काळं काय आहे, दगड की अस्वल, हे नीट बघायचं तर रेस वाढवून त्याच्याच अंगावर जायचं! याच जंगलात 2019 साली टिपेश्वर अभयारण्यातला एक वाघ 1300 किलोमीटरहून जास्त चालून आला होता. वाटेत त्याला कुणी धक्का मारल्याचं ऐकिवात नाही.

आमच्याकडे विजेच्या प्रत्येक दुखण्यावर एकच औषध. "कायले टेन्शन घेता भाऊ, डायरेक्ट करून देतो." स्विच बिघडला, डायरेक्ट. फ्यूज उडतो, तिथे सिगारेटच्या पाकिटातली चांदी. माझ्या गाडीवर असे डायरेक्टचे बरेच थर चढलेत. इंडिकेटर दिला की टेललॅम्पही डोळा मारतो. त्याचं कारण मात्र साधं आहे. अर्थिंग गंजलं की करंट परतीची वाट शेजारच्या बल्बातून काढतो.

डाव्या वळणाचं कोडंही तसंच. या गाडीत चावी बंद केली की ठिणगीचा करंट तुटत नाही, बॉडीला मिळतो. सीडीआयकडून चावीकडे जाणारी काळी-पांढरी वायर अर्थ होते. हेडलाइट उघडला तर हँडलच्या मानेपाशी नेमकी तीच वायर घासून सोललेली. तिळाएवढं तांबं चमकत होतं. हँडल डावीकडे वळलं की ते फ्रेमला टेकायचं आणि गाडी समजायची, मालकाने चावी बंद केली. इतकी आज्ञाधारक गाडी, आणि तिला आम्ही नवी सीडीआय बसवायला निघालो होतो!

तेव्हा टपरीवरचं निदान ऐकून पाकीट काढू नका. प्लग काढून कॅपमध्ये घाला, इंजिनाला टेकवा, ती चावीकडची वायर सॉकेटमधून सोडा आणि किक मारा. ठिणगी आली तर सीडीआय निर्दोष, दोष वायरीत किंवा स्विचमध्ये. चिकटपट्टी कोणत्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. फक्त वायर सुटी ठेवून गाडी सुरू केलीत तर चावीने ती बंद होणार नाही. ब्रेक दाबा, गिअर टाका आणि क्लच सोडा.